घरचा कारभार : जुना टीव्ही, नवा डबा

२००९च्या १२ जूनपर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या मोठ्या टीव्ही स्टेशनांनी आपलं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण कायमचं बंद केलं. आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांना ते जाणवलंही नाही. बैठकीच्या खोलीत केबल नाहीतर डिश असते, त्यांना काहीच फरक पडणार नव्हता. फरक पडला तो घरातल्या दुसऱ्या टीव्हीला. बेसमेंटमधला, गराजमधला, आणि मुख्य म्हणजे भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांच्या खोलीत ठेवलेला, कुणाच्या तरी मूव्हिंग सेलमधून वीस-पंचवीस डॉलरला उचललेला तो जाडजूड टीव्ही.

जानेवारीपासून आत्तापर्यंत मी असे अकरा टीव्ही मार्गी लावले. गेल्या वर्षी याच सदरात कुकरच्या शिट्टीबद्दल आणि रबरी रिंगबद्दल लिहिलं होतं, तेव्हापासून मंडळात माझी ख्याती ‘मोडक्या वस्तूंवाली’ अशी झाली आहे. फोन येतो तो असा : “अगं, त्या डब्याचं जरा बघशील का? ह्यांना वेळ नाहीये.” ‘ह्यांना’ सॉफ्टवेअर येतं, टीव्हीच्या मागे वाकायला येत नाही, हे आता मला पाठ झालं आहे.

आधी थोडक्यात, झालं काय ते. जुना टीव्ही बिघडलेला नाही. त्याला जी भाषा येते ती हवेत आता कुणी बोलत नाही, एवढंच. स्टेशनं डिजिटल बोलतात, आणि मधे दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे कन्व्हर्टर बॉक्स. अँटेनाची वायर डब्यात, डब्याची वायर टीव्हीत. महिन्याचं बिल नाही, कुणाशी करार नाही. हवेतून येणारा टीव्ही पूर्वीही फुकट होता आणि आजही आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्यातल्याच दोन घरांना दुकानातल्या विक्रेत्याने ‘आता नवा टीव्ही किंवा केबल, तिसरा मार्ग नाही’ असं छातीठोक सांगितलं होतं. डबे त्याच दुकानात, दोन रांगा सोडून मांडलेले होते.

सरकारला हे करायचं होतं कारण डिजिटलला हवेतली जागा कमी लागते. ५२ ते ६९ नंबरच्या चॅनलांच्या मोकळ्या झालेल्या जागेचा बराचसा भाग २००८मध्ये लिलावात निघाला आणि मोबाइल कंपन्या वगैरेंनी त्यासाठी सुमारे १९ अब्ज डॉलर मोजले. त्यातलाच थोडा पैसा आपल्याला कुपनांच्या रूपाने परत मिळायचा होता : घरटी दोन कुपनं, प्रत्येकी ४० डॉलरची. डब्याची किंमत साधारण ४० ते ८० डॉलर, त्यामुळे कुपन लावलं की तो जवळजवळ फुकट पडायचा.

कुपनांचा गोंधळ मात्र सगळ्यांनी पाहिला. लाल रंगाचं प्लॅस्टिकचं कार्ड पोस्टाने यायचं आणि ९० दिवसांत बाद व्हायचं. कितीतरी जणांनी ते गिफ्ट कार्ड समजून खणात ठेवलं. जानेवारीत सरकारकडचे पैसेच संपले आणि प्रतीक्षायादी सुरू झाली. मूळ तारीख १७ फेब्रुवारी होती, ती काँग्रेसने कायदा करून १२ जूनवर नेली, तेव्हा कुठे लोकांना श्वास घ्यायला फुरसत मिळाली. बाद झालेल्या कुपनांसाठी पुन्हा अर्ज करायची सोयही मग झाली. अर्ज घेणं ३१ जुलैला बंद झालं. शेवटच्या दिवसांत आलेलं एखादं लाल कार्ड अजून कुणाच्या खणात असेल, तर ते केव्हाच बाद झालं आहे. डबा हवा असेल तर पूर्ण पैसे भरून घ्या. केबलच्या एक-दोन महिन्यांच्या बिलात डबा येतो.

जोडणीत अवघड काही नाही. जुन्यात जुन्या टीव्हीला गोल वायर लावून तीन नंबरचं चॅनल लावायचं, आणि ते तसंच ठेवून यापुढची सगळी चॅनल डब्याच्या रिमोटने बदलायची. तीनवर काही खरखर असेल तर डब्याला सांगून चार करायचं. टीव्हीला पिवळं-लाल-पांढरं भोक असेल तर त्या तीन वायरींनी जोडा, चित्र अधिक स्वच्छ येतं. चित्र एचडी होत नाही, तो जुन्या टीव्हीच्या आवाक्यातला विषय नाही. पण पूर्वीपेक्षा इतकं नितळ दिसतं की लोक पहिल्यांदा टीव्हीच्या काचेवरून हात फिरवून बघतात.

खरं काम आहे ते अँटेनाचं. दुकानात परत गेलेल्या डब्यांपैकी निम्मे तरी अँटेनापायी परत गेले असावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणी गच्चीवर अँटेना होता. दादा वर, आई खिडकीत, आम्ही टीव्हीसमोर, आणि “आलं का?” “नाही! होतं ते पण गेलं!” अशी तीन मजली आरडाओरड. पुण्यात तोंड सिंहगडावरच्या टॉवरकडे करायचं, एवढं शास्त्र सगळ्यांना ठाऊक होतं. त्या काळी चित्र थोडं थोडं बिघडायचं. मुंग्या यायच्या, माणसामागे त्याचं भूत दिसायचं, तरी मॅच कळायची. डिजिटलमध्ये ही मधली पायरी नाही. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र आरशासारखं, जरा कमी पडला की चौकोन चौकोन होऊन गोठतं, आणि त्याहून कमी झाला की काळा पडदा. त्यामुळे ज्या टीव्हीवर मुंग्यांसकट निभावून जात होतं, तिथे डबा लावल्यावर काहीच येत नाही आणि दोष डब्याला मिळतो.

आपल्याकडे शिकागोच्या परिसरात एक सोय आहे. मोठ्या स्टेशनांचे अँटेना डाउनटाउनमध्ये सीअर्स टॉवर आणि हॅनकॉकच्या डोक्यावर आहेत. (सीअर्स टॉवरचं नाव २००९च्या उन्हाळ्यात बदललं. मला जुनंच तोंडात बसलंय.) म्हणजे आपल्या पश्चिमेकडच्या उपनगरांत अँटेना पूर्वेच्या खिडकीत, जमेल तितका उंच ठेवायचा. फ्रिजच्या मागे, मायक्रोवेव्हशेजारी किंवा बेसमेंटच्या जमिनीवर नाही. घर भाड्याचं असलं तरी स्वतःच्या बाल्कनीत अँटेना लावायचा हक्क फेडरल नियमांनी दिलेला आहे, घरमालक सरसकट नाही म्हणू शकत नाही. ‘एचडी अँटेना’, ‘डिजिटल अँटेना’ असं लिहिलेल्या खोक्यांना भुलू नका. अँटेनाला त्यातलं काही कळत नाही, जुना धडधाकट असेल तर तोच चालतो. आणि टॉवर जवळ असताना सिग्नल वाढवायचं यंत्र लावलं तर उलट बिघडतं.

आता सात नंबरची गोष्ट. १२ जूनच्या आधी बहुतेक स्टेशनांचं डिजिटल प्रक्षेपण यूएचएफवर होतं. त्या दिवशी काही स्टेशनं जागा बदलून व्हीएचएफवर गेली, शिकागोत सात नंबर त्यातलाच. पडद्यावर तर आधीही ७.१ दिसत होतं आणि नंतरही ७.१च. कारण पडद्यावरचा आकडा ही नुसती पाटी असते, खरं घर वेगळं असतं. स्टेशनने घर बदललं, पाटी तीच, आणि डबा जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसला. यावर उपाय म्हणजे डब्याला पुन्हा एकदा सगळी चॅनल शोधायला लावायचं. काही डबे जुना पत्ता हट्टाने धरून ठेवतात. त्यांच्यासाठी अँटेनाची वायर काढून एकदा शोध लावा, म्हणजे डबा रिकाम्या हाताने परत येतो आणि जुनं सगळं विसरतो. मग वायर लावून दुसऱ्यांदा शोध. वर्षातून दोन-तीनदा हे केलेलं बरं.

एवढं करूनही सात येत नसेल तर २००९च्या त्या उन्हाळ्यात अँटेनाच्या दांड्यांकडे बघावं लागायचं. अँटेनाची गोल कडी यूएचएफसाठी, दोन लांब दांड्या व्हीएचएफसाठी. नुसती कडी किंवा चपटी चकती असलेला अँटेना तेव्हा सातला पुरत नव्हता. आणि दांड्या पूर्ण ताणायच्या नाहीत! सगळे हौसेने शेवटपर्यंत ताणतात. सात नंबरच्या तेव्हाच्या व्हीएचएफ लहरींच्या हिशेबाने प्रत्येक दांडी साधारण १६ इंच हवी होती, आणि दोन्ही जवळजवळ आडव्या. मी पर्समध्ये शिवणाची टेप घेऊन जाते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक अमेरिकन आजी एकट्या राहतात. ऐंशीच्या पुढच्या. केबल त्यांनी कधीच घेतली नाही. त्यांचा टीव्ही सकाळी सहाला लागायचा आणि रात्री दहाच्या बातम्यांनंतर बंद व्हायचा. जिन्यातून जाताना तो आवाज आला की त्या बऱ्या आहेत हे कळायचं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की खालून आवाज येत नाही. दार वाजवलं. त्या ठीक होत्या. डबा त्यांच्याकडे होता, मुलाने मार्चमध्ये येऊन लावून दिला होता. पण १३ जूनपासून त्यांचं चॅनल दिसत नव्हतं, आणि त्यांचं चॅनल म्हणजे सात. बाकीची येत होती. ती त्यांना परक्याच्या घरात बसल्यासारखी वाटत होती, म्हणून त्यांनी टीव्हीच बंद ठेवला होता. मुलाला सांगितलं नव्हतं, “तो परत विमानाचं तिकीट काढेल” म्हणून. दोनदा शोध, दांड्या १६ इंच, अँटेना कपाटावरून खिडकीत. वीस मिनिटं लागली. सातच्या बातम्या देणारा त्यांचा नेहमीचा माणूस दिसल्यावर त्या त्याला “कुठे होतास?” म्हणाल्या.

मुलाला त्रास नको म्हणून गप्प बसायची सवय काही एका देशाची नाही. आपल्याच मंडळातल्या एका घरी पुण्याहून वडील आले होते. मुलगा-सून दोघं नोकरीला, नातवंडं डेकेअरला. काकांचा दिवस खोलीतल्या टीव्हीवर जायचा. एके दिवशी दुपारी टीव्ही आपोआप बंद पडला. दुसऱ्या दिवशीही. काकांना वाटलं आपण काहीतरी मोडलं. परक्या देशातली वस्तू, डॉलरात किंमत. त्यांनी रिमोट ड्रॉवरमध्ये ठेवून दिला आणि सुनेला सांगितलं, “मला काही बघायचं नसतं गं, सगळं इंग्लिश. मी वाचतो.” वाचायला आणलेली तीन पुस्तकं केव्हाच संपली होती. मी तिथे मुळात बेसमेंटच्या टीव्हीसाठी गेले होते, तेव्हा काका जिन्यावरून खाली उतरून हळूच म्हणाले, “तुम्हाला यातलं कळतं ना? एक विचारू?”

डबा मोडलाच नव्हता. कुपनावर मिळालेल्या सगळ्या डब्यांमध्ये वीज वाचवायची एक सोय असते : चार तास रिमोटचं बटण दाबलं नाही तर डबा समजतो की समोर कुणी नाही, आणि स्वतःला बंद करतो. एकच चॅनल लावून चार तास बसणारा माणूस त्या सोयीच्या हिशेबात नसावा. डब्याच्या मेनूत जाऊन ती सोय बंद करता येते. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर हे आजच करा.

आणि एक कागद लिहून भिंतीला चिकटवा. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे फळ्यावर लिहायचा हात आहे, पण हे कुणालाही जमेल. मोठ्या मराठी अक्षरांत, दोन रिमोट वेगळ्या रंगाच्या चिकटपट्टीने ओळखता येतील असे : ‘लाल रिमोट – फक्त टीव्ही चालू-बंद. आवाज डब्यावरून. पिवळा रिमोट – बाकी सगळं. टीव्ही तीन नंबरवरच राहू द्यायचा. पडदा निळा किंवा काळा झाला तर काही मोडलेलं नाही, पिवळ्याचं वरचं बटण दाबायचं.’ यातलं ‘काही मोडलेलं नाही’ हे अधोरेखित करा. काकांनी तेवढी ओळ दोनदा वाचली.

ज्येष्ठांसाठी डब्याचा एक फायदाही सांगते. बोलणं पडद्यावर लिहून येण्याची सोय डब्यातच असते आणि अक्षरं मोठी करता येतात. अमेरिकन उच्चार कानाला चटकन कळत नाहीत, पण इंग्रजी वाचायला आपल्या पिढ्यान् पिढ्या पटाईत. त्या काकांना आता स्वयंपाकाचे कार्यक्रम आवडतात. अकरा नंबरच्या सार्वजनिक स्टेशनची एकाऐवजी अनेक चॅनल दिसतात, तेही डब्यामुळेच. चित्र वरून-खालून कापल्यासारखं किंवा चारही बाजूंनी काळ्या चौकटीत लहानसं दिसत असेल, तर रिमोटवर झूमचं बटण शोधून ते दोन-तीनदा दाबून बघा.

व्हीसीआरवर मालिका टेप करणाऱ्यांची पंचाईत झाली खरी. डबा व्हीसीआरच्या आधी जोडायचा, टेप होतं ते डब्यावर जे चॅनल लागलेलं असेल ते. एक बघत दुसरं टेप करायचं तर दुसरा डबा. वेळ लावून आपोआप चॅनल बदलणारे डबे २००९मध्ये मोजकेच होते, घेताना तेवढं विचारून घ्या.

आणि कृपा करून हे डबे बॅगेत भरून भारतात नेऊ नका. दोघांनी विचारलं म्हणून लिहिते. इथली डिजिटल पद्धत आणि तिथली वेगळी, इथला डबा तिकडे काही पकडणार नाही. मुंबईच्या काही भागांत २००६च्या अखेरीपासून पे चॅनलसाठी सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तो केबलचा, आणि गावोगावच्या छतांवर दिसतात त्या डीटीएचच्या छत्र्या. नाव ‘बॉक्स’ असलं तरी हे तिन्ही वेगवेगळे प्राणी आहेत.

डबा नकोच असेल तरी टीव्ही कचऱ्याच्या दिवशी रस्त्याच्या कडेला ठेवू नका. त्या जाड काचेत काही पौंड शिसं असतं. गावाच्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या दिवशी द्या, किंवा त्याआधी मला फोन करा. चार-पाच घरं ठाऊक आहेत जिथे तो हवा आहे.

शेवटी, तळघरातला तो बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही. वादळात वीज गेली की तोच घेऊन आपण खाली जाऊन बसायचो. तो आता मुका झाला आहे. डब्याला भिंतीतली वीज लागते, आणि वीज गेल्यावरच तर त्याची गरज. बॅटरीवर चालणारे डबे २००९मध्ये अगदी थोडे होते आणि चटकन मिळत नव्हते. खालच्या आजींसाठी मी वेगळा मार्ग काढला : हवामानखात्याचा वेदर रेडिओ. तेव्हा वीस-तीस डॉलरला मिळायचा, बॅटरीवर चालतो, टॉर्नेडोचा इशारा आला की झोपेतून उठवेल इतक्या जोरात ओरडतो. शिकागोचं स्टेशन १६२.५५० मेगाहर्ट्झवर आहे. आपल्या काउंटीचा सहा आकडी नंबर त्यात भरला की फक्त आपल्यापुरतेच इशारे येतात : डुपाजसाठी ०१७०४३, कुकसाठी ०१७०३१. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला गावाचे भोंगे चाचणीसाठी वाजतात. त्या दिवशी आठवणीने रेडिओच्या बॅटऱ्याही तपासून घ्या. आजींच्या मी तेव्हाच तपासते.